पाळी चुकते त्या आठवड्यात

बीजफलनानंतर साधारण चौदा-पंधरा दिवसांनी मानवी भ्रूणाच्या चपट्या तबकडीवर एक बारीक रेषा उमटते. प्रिमिटिव्ह स्ट्रीक हे तिचे शास्त्रीय नाव. या रेषेपाशी पेशी आत सरकू लागतात आणि पाहता पाहता एका थराचे तीन थर होतात. वरच्या थरातून पुढे त्वचा, मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, मधल्या थरातून हृदय, रक्त, स्नायू आणि हाडे, तर आतल्या थरातून अन्ननलिकेचे, फुप्फुसाचे अस्तर आणि यकृत. डोके कोणत्या टोकाला आणि पाठ कोणत्या बाजूला हेही याच वेळी पक्के होत जाते. गॅस्ट्रुलेशन नावाची ही घडामोड सुरू होते तो सुमार आणि बाईची पाळी चुकते तो सुमार एकच असतो. तिला अजून शंकाही आलेली नसते. पुढच्या दोन आठवड्यांत, म्हणजे फलनानंतर २८ व्या दिवसापर्यंत, मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडायचे ती न्यूरल ट्यूब दोन्ही टोकांना मिटलेली असते. आपल्या आरोग्यव्यवस्थेत गर्भवतीची नोंद बाराव्या आठवड्याच्या आत झाली, तर ती वेळेवर झाली असे मानतात. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्या हिशेबाने बाराव्या आठवड्यात नाव नोंदवायला आलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाची न्यूरल ट्यूब मिटून सहा आठवडे झालेले असतात.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या सावर्ड्याजवळ, चिपळूण तालुक्यातल्या डेरवणला, वालावलकर रुग्णालय आणि त्याचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड्यांतल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलींचा एक दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. त्याचे नाव गावाच्याच नावावरून ‘डेरवण’ असे आहे. मुलींची उंची, वजन, रक्त, आहार यांची नोंद आधी करायची, मग लग्न, गर्भारपण आणि पुढे त्यांची मुले इथपर्यंत मागोवा घेत जायचे, असा त्याचा आराखडा आहे. मोठेपणी होणाऱ्या मधुमेह, हृदयविकारासारख्या आजारांची मुळे आईच्या गर्भारपणाआधीच्या प्रकृतीत शोधायची, हा त्यामागचा हेतू. दुसरीकडे न्यूयॉर्क, केंब्रिज, सांता बार्बरा अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत मानवी भ्रूणीय मूलपेशी काचेवर वाढवून, त्या आपली आपण थर आणि नळ्या कशा रचतात हे तपासले जात आहे. वरवर पाहता या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. माझे म्हणणे असे, की दोन्हीकडे एकाच प्रश्नाचा शोध चालू आहे, आणि काचेवर जे दिसले आहे त्यामुळे डेरवणच्या कामाला मोठे बळ मिळते. भ्रूणाचा आकार पेशींच्या आपसांतल्या व्यवहारातून आणि त्यांना मिळालेल्या परिस्थितीतून घडतो. परिस्थिती हा आकार घडवणारा घटक असेल, तर आईच्या पोषणाची काळजी गर्भ राहण्याआधी घ्यायला हवी.

आधी काचेवर काय दिसले ते पाहू. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशींचे पहिले वाण वेगळे काढले. वंध्यत्वाच्या उपचारांत उरलेले आणि जोडप्यांनी संशोधनासाठी दिलेले, जेमतेम आठवड्याभराच्या आतले भ्रूण त्यासाठी वापरले होते. या पेशी शरीरातली जवळजवळ कोणतीही पेशी बनू शकतात. नेहमीच्या बशीत त्यांना बीएमपी-४ हे संकेत-प्रथिन दिले, तर त्या बदलतात खऱ्या, पण कोण कुठे काय होईल याला काही शिस्त राहत नाही. २०१४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या आर्यह वॉर्मफ्लॅश, एरिक सिगिया, अली ब्रिवान्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा बदल केला. पेशींना चिकटायला लागणारे प्रथिन त्यांनी काचेवर सगळीकडे न लावता नेमक्या वर्तुळांपुरते लावले. सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास होता एक मिलिमीटर. पेशी तेवढ्याच गोलात दाटीने वाढल्या. मग वरून तेच बीएमपी-४, सगळ्यांना सारखेच. दोन दिवसांत त्या गोलात एकात एक कडी दिसू लागली. अगदी बाहेर भ्रूणाबाहेरच्या आवरणांसारख्या पेशी, त्याच्या आत आतल्या थराच्या, मग मधल्या थराच्या आणि केंद्रात वरच्या थराच्या. भ्रूणात तीन थर होतात तेच तीन थर, ठरलेल्या क्रमाने.

यात कुणी आराखडा दिलेला नव्हता. सगळ्या पेशींची जनुके तीच आणि वरून मिळालेला द्रवही तोच. वेगळी होती ती फक्त प्रत्येकीची जागा, म्हणजे ती कडेपासून किती लांब आहे एवढेच. पेशीला ही जागा कळते कशी, याचे उत्तर त्याच गटाने २०१६ मध्ये दिले. पेशी दाट झाल्या, की बीएमपी पकडणारे ग्राहक त्यांच्या बाजूंना आणि बुडाशी दडतात. त्यामुळे गोलाच्या मधल्या पेशींना वरून आलेला संकेत नीट मिळत नाही, कडेच्या पेशींना मात्र मिळतो. शिवाय बीएमपी मिळाले, की पेशी त्यालाच अडवणारे नॉगिन हे प्रथिन सोडू लागतात. ते कडेवरून बाहेर निसटून जाते आणि मध्यभागी साठून राहते. म्हणजे कडेला संकेत जास्त आणि अडथळा कमी, केंद्रात नेमके उलटे. पुढे बीएमपीमुळे डब्ल्यूएनटी आणि त्यामुळे नोडल, असे संकेत एकापाठोपाठ जागे होतात आणि कडेकडून आत पसरत जातात. वर्तुळाचा व्यास कमी करत नेला, तर कडेच्या पट्ट्या कडेपासून तितक्याच अंतरावर राहतात आणि आधी नाहीशी होते ती मधली चकती, म्हणजे मेंदू-त्वचेचा थर. जनुकांना कुणी हात लावला नाही. फक्त जागा कमी केली आणि एक अख्खा थर गेला.

कोकणातला जाखडी नाच डोळ्यांपुढे आणला, तर ही रचना समजायला मदत होते. पायांत घुंगरू बांधलेले नाचे मधल्या वादकांभोवती फेर धरतात. प्रत्येक जण शेजाऱ्याचे पाऊल आणि ढोलकीचा ठेका एवढेच धरून असतो, आणि तेवढ्यावर अख्खा फेर सांभाळला जातो. मात्र नाचणाऱ्यांनी फेर आधी पाहिलेला असतो, तालीम केलेली असते. पेशीने काहीच पाहिलेले नसते. तिच्याजवळ असतात शेजारीण कोण आहे आणि कोणता संकेत किती पोचला यावर ठरणाऱ्या काही रासायनिक प्रतिक्रिया. तेवढ्या पुरतात, ही या प्रयोगांची शिकवण आहे.

ही शिकवण एकदम २०१४ मध्ये आलेली नाही. जर्मन शास्त्रज्ञ हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्ये समुद्री अर्चिनच्या दोन पेशींच्या भ्रूणातल्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा प्रत्येकीतून लहान पण पूर्ण अळी तयार झाली. अर्धा आराखडा अर्ध्या पेशीत, असे काही नसते, हे तेव्हाच कळले. १९२४ मध्ये हान्स श्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी न्यूट या उभयचराच्या भ्रूणातला एक छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर बसवला आणि तिथे यजमानाच्याच बऱ्याचशा पेशी वळवून शरीराचा दुसरा अक्ष उभा राहिला. इतरांना रचनेत ओढणाऱ्या त्या तुकड्याला ‘ऑर्गनायझर’ म्हणतात. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९३०च्या दशकात हेच काम कोंबडीच्या भ्रूणावर नेले. याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोत शिकून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात प्रायोगिक भ्रूणशास्त्राची परंपरा उभी केली. कोंबडीच्या भ्रूणातल्या प्रिमिटिव्ह स्ट्रीकच्या दोन्ही बाजूंच्या भागांत दुसऱ्या पेशींना वळवण्याची क्षमता आहे का, हा त्यांच्या १९५८ च्या शोधनिबंधाचा विषय होता. त्यांचे विद्यार्थी डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातल्या जिवावर काम उभे केले. हायड्राच्या पेशी सुट्या करून पुन्हा एकत्र गोळा केल्या, तर काही दिवसांत त्या गोळ्यातून पुन्हा शुंडके असलेले हायड्रा तयार होतात, हे १९७२ मध्ये आल्फ्रेड गीरर आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. म्हणजे पेशींच्या स्वयंरचनेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मानवी मूलपेशींचाही नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने मानवी भ्रूणीय मूलपेशींचे ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ हे दोन वाण तयार केले आणि २००९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजा सहभागी होत्या. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बाळामागेही त्याच होत्या.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की काचेवरची चपटी चकती म्हणजे भ्रूण नव्हे. तिला आई नाही, वार नाही, डोके-शेपूट असा अक्ष नाही. सगळ्या दिशांनी सारखी असलेली ती कडी आहेत. हे खरे आहे, आणि याच उणिवेमुळे ती उपयोगाची ठरते. गर्भाशयात हजार गोष्टी एकाच वेळी घडत असतात, त्यामुळे कोणते कारण कोणत्या परिणामाचे हे सांगता येत नाही. चकतीत एकेक कारण वेगळे काढता येते. तिच्यातल्या पेशी खऱ्या भ्रूणासारख्या वागतात का, याची परीक्षाही झाली आहे. २०१८ मध्ये ब्रिवान्लू यांच्या गटाने चकतीतल्या मानवी पेशींना योग्य संकेत देऊन त्या कोंबडीच्या भ्रूणावर बसवल्या, तेव्हा यजमानात दुसरा अक्ष सुरू झाला. श्पेमान-मँगोल्ड यांच्या कसोटीला मानवी पेशी उतरल्या. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या शंकर श्रीनिवास यांच्या गटाने फलनानंतर १६ ते १९ दिवसांच्या एका खऱ्या मानवी भ्रूणातल्या पेशींची जनुकीय नोंद प्रसिद्ध केली. आता प्रयोगशाळेतले नमुने तिच्या आधारे प्रत्यक्ष भ्रूणाशी पडताळून पाहता येतात. त्या काळातला भ्रूण इतका दुर्मीळ असतो, की असा एक नमुनाही अमोल ठरतो. उरलेले सगळे ज्ञान मूलपेशींच्या नमुन्यांतूनच यायचे आहे.

दुसरा आक्षेप वैद्यकाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड दिले, तर न्यूरल ट्यूबचे दोष टळतात, हे कळायला मूलपेशी लागल्या नाहीत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत केलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९१ मध्ये आला. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतले, तेव्हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मग काचेवरची कडी कोकणातल्या बाईला काय देतात? आजवर त्यांच्यामुळे तिच्या औषधाच्या चिठ्ठीतला एक शब्दही बदललेला नाही, हे मान्य करायला हवे. पण त्या ७२ टक्क्यांमध्येच पुढचा प्रश्न आहे. उरलेले दोष का टळले नाहीत? आपल्याकडे हा प्रश्न आणखी तीव्र आहे, कारण आपली कमतरता वेगळी आहे. केईएम पुणे इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात दिसले, की सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेट (फोलिक ॲसिड हे त्याचेच एक रूप) मात्र बहुतेकींमध्ये पुरेसे होते. पेशी विभागताना डीएनए तयार करायला ही दोन जीवनसत्त्वे एकाच रासायनिक साखळीत काम करतात. बी-१२ नसेल, तर शरीरात असलेले फोलेटही वापराविना अडकून पडते. याज्ञिक यांच्या अभ्यासातल्या ज्या आईत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असे जुळले, तिथे मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. परदेशात झालेल्या चाचणीचे उत्तर आपण आणले, पण आपला प्रश्न थोडा निराळा आहे.

इथेच काचेवरचे काम उपयोगी पडू शकते, आणि इथेच त्याची एक मोठी उणीवही दिसते. २०२१ मध्ये सांता बार्बरा इथल्या एयाल कार्झब्रुन, सेबॅस्टियन स्ट्राइखन आणि सहकाऱ्यांनी मानवी मूलपेशींपासून न्यूरल ट्यूब घडताना, तिच्या कडा वळून मिटताना प्रत्यक्ष पाहण्याची पद्धत विकसित केली. तिथेही आकार ठरवण्यात पेशींच्या पत्र्याची लांबी-रुंदी निर्णायक होती. अशा पद्धतीत कोणते जीवनसत्त्व किती, हे मोजून बदलता येते. पण आजवर हे प्रयोग ज्या द्रवात होतात, त्यातले फोलिक ॲसिड आणि बी-१२ माणसाच्या रक्तातल्या पातळीपेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. पेशी जगाव्यात, भरभर वाढाव्यात म्हणून दशकांपूर्वी ठरवलेली ती कृती आहे. म्हणजे प्रयोगशाळेतल्या पेशी रेलचेलीत वाढतात, आणि चिपळूण, गुहागर, संगमेश्वरच्या डोंगराळ गावांतल्या ज्या मुलींचे बी-१२ कमी आहे, त्यांच्या पोटातला भ्रूण अशा रेलचेलीत वाढत नाही. परिस्थिती आकार घडवते, हे काचेनेच दाखवले. मग परिस्थिती खरी ठेवून तो आकार पुन्हा पाहणे हे पुढचे पाऊल आहे, आणि त्या खऱ्या परिस्थितीची मापे न्यूयॉर्ककडे नाहीत. डेरवण आणि पुणे इथल्या अभ्यासांकडे ती आहेत.

तिसरा आक्षेप प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आहे: उंदरावर पाहता येईल ते मानवी पेशींवर कशाला? याला थॅलिडोमाइडचे उत्तर आहे. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेले हे औषध गर्भवतींनाही दिले गेले आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत हजारो मुले हातपाय अपुरे घेऊन जन्माला आली. उंदीर-घुशींच्या भ्रूणांवर त्या औषधाचा तसा परिणाम होत नाही. २०१८ मध्ये त्याचे एक कारण पुढे आले: ज्या एसएएलएल-४ प्रथिनाचा नाश हे औषध मानवी पेशीत घडवते, त्याचा उंदराच्या पेशीत घडवत नाही. भ्रूण घडण्याच्या वेळच्या धोक्यांबाबत मानवी पेशींचा पर्याय दुसऱ्या प्राण्यात नेहमीच मिळत नाही.

चौथा आक्षेप नीतीचा. मूलपेशी भ्रूणातून येतात, आणि आता मूलपेशींपासून भ्रूणासारख्या पूर्ण रचनाही होऊ लागल्या आहेत. २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत याकोब हन्ना यांच्या गटाने फलनानंतरच्या सुमारे चौदाव्या दिवसाशी मिळतीजुळती रचना केवळ मूलपेशींपासून वाढवली. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये असे सुचवले, आणि भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही चौदा दिवस किंवा प्रिमिटिव्ह स्ट्रीक उमटणे, जे आधी होईल ते, अशीच मर्यादा आहे. ही मर्यादा सुज्ञ आहे, कारण त्या रेषेनंतर एका भ्रूणातून एकच व्यक्ती घडण्याची दिशा पक्की होते. पण तिच्यामुळे नेमके तेच दिवस आपल्या दृष्टीआड राहतात, ज्यांत सर्वांत मोठे दोष घडतात. एक मिलिमीटरच्या चपट्या चकतीतून बाळ होण्याची शक्यता नाही, आणि म्हणून मर्यादेपलीकडचा काळ अभ्यासण्याचा तो निर्दोष मार्ग आहे. पूर्ण भ्रूणाकडे झुकणाऱ्या रचनांना मात्र भ्रूणाइतकेच कडक नियम हवेत. सगळ्या नमुन्यांना एकाच तराजूत घालणारा कायदा या दोन्ही गरजांपैकी एकीवर अन्याय करेल.

पाचवा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गर्भ राहण्याआधीपासून काळजी हवी, असे म्हणत गेलो तर सोळा वर्षांच्या मुलीकडे भावी गर्भाचे पात्र म्हणून पाहिले जाईल, आणि बाळात काही उणे निघाले तर बोट तिच्याकडे जाईल. आपल्या समाजात ही भीती निराधार नाही. पण पुरावा उलट दिशेला जातो. चकतीच्या प्रयोगात पेशींनी काहीही चुकीचे केलेले नसते, जागा कमी पडलेली असते. न्यूरल ट्यूबचे दोष अनेक जनुके, पोषण, साखरेचे प्रमाण, औषधे यांच्या मेळातून होतात. एका मुलीच्या ताटात महिनोन्महिने काय पडले, हा तिच्या निवडीचा भाग क्वचितच असतो. ते घरातली जेवणाची वाटणी, रोजगार, रेशनवर काय मिळते आणि शाळेत काय वाढले जाते यावर ठरते. शिवाय बी-१२ आणि लोह आधी तिला स्वतःला हवे आहे: तिच्या दमाला, तिच्या अभ्यासाला, तिच्या आयुष्याला, मग तिने आई व्हायचे ठरवो वा न ठरवो. जबाबदारी परिस्थितीची असेल, तर ती परिस्थिती ज्यांच्या हातात आहे त्यांची असते.

म्हणून या सगळ्यातून दोन गोष्टी निघतात. आरोग्यव्यवस्थेने गर्भवतीची नोंद हा आरंभबिंदू मानणे सोडून मुलींचे पोषण हा आरंभबिंदू मानावा, आणि निळ्या गोळीत बी-१२ घालायचे का याचा निर्णय पुण्यातल्या आणि डेरवणच्या पुराव्यावर घ्यावा. आणि महाराष्ट्रातल्या विज्ञानाने आपल्याच तीन गोष्टी एकत्र आणाव्यात: परळचे मानवी मूलपेशींचे वाण, पुण्याची भ्रूणशास्त्राची परंपरा आणि सावर्ड्याच्या परिसरातल्या मुलींच्या रक्ताची प्रत्यक्ष मापे. कोकणातल्या रक्तात जितके बी-१२ आणि फोलेट आहे तितकेच द्रवात ठेवून, त्या चकत्यांमध्ये तीन थर नीट उमटतात का आणि न्यूरल ट्यूब मिटते का, हा प्रयोग आज करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर जगात इतरत्र कुणी शोधून देईल अशी वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या मुली त्या परिस्थितीत वाढतात, त्यांनीच तो आधी करायला हवा.